मिनिटाला चार

चौकशी समितीपुढे नर्स तिसऱ्यांदा तेच सांगत होती. "बाळाचे ठोके मॉनिटरवर चार दिसले. मिनिटाला चार! मला वाटलं, वायर निसटली. बाळ जाईपर्यंत मी वायरच लावत बसले हो."

मॉनिटरच्या कंपनीकडून आलेल्या शर्वाणीला ऐकताक्षणीच उमगलं. ठोके चार नव्हते, दोनशे साठ होते. प्रोग्रॅम लिहिताना मोठा पूर्णांक तिनेच आठ बिटांच्या छोट्या प्रकारात बदलला होता. त्यात दोनशे पंचावन्नपर्यंतचेच आकडे मावतात. पुढे मोजणी गुपचूप पुन्हा शून्यापासून सुरू होते; दोनशे साठचे चार दिसतात.

तेव्हा तिने टीम लीड काळसेकरला विचारलंही होतं, "मोठा आकडा आला तर?"

"अगं, ही कडक नियमांची फंक्शनल भाषा आहे. टाइप जुळले नाहीत तर कंपायलर प्रोग्रॅम पुढे जाऊच देत नाही. कंपाइल झालं, म्हणजे झालं. कंपायलरपेक्षा तू शहाणी का?" सगळे हसले होते. तीही हसली होती.

आता शेजारी बसलेल्या त्याच काळसेकरने तिच्यापुढे अहवाल सरकवला. यंत्रात दोष नाही, असं त्यात लिहिलं होतं.

"कर सही," तो पुटपुटला. "प्रोग्रॅमच्या त्या ओळीवर नाव तुझं आहे."

तिने सही केली.

बाहेर जिन्यापाशी नर्सने तिला गाठलं. "मॅडम, यंत्र तुमचं. खरं सांगा, वायर निसटलीच होती ना? मी नीट लावली होती, असं सारखं वाटतंय."

शर्वाणीने तिचा हात हातात घेतला.

"निसटली असेल, सिस्टर. तुम्ही तरी एकट्या कुठे कुठे बघणार?"