काजलचा भाऊ

“कोण गेला?” सुलोचनाबाईंनी फोनमध्ये जिवाच्या आकांताने विचारलं.

“भाऊ... काजलचा भाऊ गेला जी... मी जामवरून बंडूजी बोलून राह्यलो...” पलीकडून एवढंच आलं. मग नुसती खरखर, आणि फोन बंद पडला.

वसतिगृहाचा फोन पहिल्यापासून असाच नाठाळ. तपासणीला कोणी साहेब येणार असले की खणखणीत बोलायचा, आणि कामाच्या वेळी हमखास घसा बसायचा. बाईंनी तो आपटून पाहिला, हॅलो हॅलो करून पाहिलं. उलट फोन करावा तर कुठे? काजलच्या गावात फोन नव्हता. गावातल्या कोणाला निरोप द्यायचा असला की तो जामच्या चौकात बंडूजीच्या एसटीडीवर यायचा, आणि त्या एसटीडीचा नंबर बाईंकडे नव्हता.

खिडकीतून काजल दिसत होती. आठवीतली पोर, कडुनिंबाखाली बसून पाय हलवत प्रमेय पाठ करत होती. वार्षिक परीक्षेचा आज शेवटचा पेपर, गणिताचा. तो झाला की सुट्टी. मुलींच्या पेट्या कालपासूनच व्हरांड्यात येऊन बसल्या होत्या.

स्वयंपाकीण सीताबाई दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“पेपर घाला चुलीत, बाई,” ती हळूच म्हणाली. “पोरीले घरी धाडा. भावाचं तोंड तरी पाहू द्या.”

“अगं, आता सांगितलं तर पेपर सुटेल. नापास झाली तर वर्ष जाईल तिचं.”

“जाऊ द्या न मंग वर्ष.”

बाईंना आठवलं. दिवाळीला काजलच्या आईसोबत एक शेंबडा, वळवळ्या पोरगा आला होता आणि त्याने वसतिगृहाची घंटा मन मानेल तशी बडवली होती. तोच का? इतकासा पोर गेला कसा? की आपण ऐकलं चुकीचं? त्या विचार करत राहिल्या आणि तेवढ्यात पेपरची घंटा झाली. काजल धावत वर्गात गेली. बाईंचा निर्णय असा परस्परच होऊन गेला.

पेपर संपेपर्यंत त्यांच्या जिवाची नुसती तगमग झाली. शेवटी त्यांनी ठरवलं, पोरीला आपणच घरी पोचवायचं. पिशवीत एक लुगडं कोंबलं आणि त्या बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

पेपर सुटला तशी एकच गर्दी उसळली. गाद्यांच्या वळकट्या, पालकांच्या हाका, गळ्यात पडून रडणाऱ्या मैत्रिणी. त्यातून काजल उड्या मारत आली.

“बाई, पेपर मस्त गेला!”

‘गेला’ म्हणताच बाई दचकल्या. त्यांनी तिचा हात धरून तिला एका बाजूला घेतलं.

“काजल, तुझा भाऊ...”

“आला का?” काजलने लगेच फाटकाकडे मान वळवली. “आजच घ्याले येतो म्हणे.”

“अगं, तो एवढासा! तो कसा येईल तुला घ्यायला?”

काजल खदखदून हसली. “तो तर धीरज, बाई! तो कायले येते? उन्हाळा लागला का दिवसभर विहिरीतच राह्यते तो. भाऊ म्हंजे माहे वडील! काका, आत्या, सारेच त्याले भाऊ म्हणते, म्हून आमीबी म्हणतो. गावातबी भाऊच म्हणते.”

म्हणजे बाप गेला. सकाळपासून आपण भलत्याच माणसासाठी हळहळत होतो! या पोरीला शिकवायचा हट्ट त्या बापाचाच. घरच्यांशी भांडून त्याने तिला इथे आणून घातलं होतं. आता तिला परत शाळेत कोण पाठवणार? एका पेपरची काळजी करत बसलो, आणि पोरीचं सगळंच शिक्षण संपलं. बाईंच्या डोळ्यांना धार लागली.

“बाई, काऊन रडून राह्यल्या?”

“ऊन लागलं गं जरा. तू पेटी आण. मी येते तुझ्यासोबत.”

“तुमी काऊन? भाऊ येते न!”

बाई तशाच फाटकाकडे निघाल्या, निदान ऑटो तरी बघू म्हणून. तेवढ्यात धुरळा उडवत एक जीप येऊन थांबली. तिच्यातून हरिदास उतरला. काजलचा बाप, धडधाकट, स्वतःच्या पायांवर.

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ‘भाऊ गेला’ म्हणजे भाऊ घरून निघाला! माणूस घरातून गेला तरी गेलाच, आणि जगातून गेला तरी गेलाच. धन्य ती आपली भाषा, आणि धन्य आपण! पोरीला आणायला गडी खास जीप करून आला, आणि आपण त्याला सकाळीच मारून मोकळ्या झालो.

“अहो हरिदासजी!” बाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. “असा निरोप देतात का हो? तुमचा तो बंडूजी म्हणे, भाऊ गेला! माझा अर्धा जीव गेला की इथं. बरं झालं, पोरीला एका शब्दानं बोलले नाही.”

व्हरांड्यातून काजलची आरोळी आली, “भाऊ आला! भाऊ आला!” पेटी ओढत ती धावत सुटली होती.

हरिदासने डोक्याचा दुपट्टा सोडून तोंडावरून फिरवला आणि तो बाईंच्या अगदी जवळ आला.

“बरं केलं, बाई. आतंबी काई बोलू नोका, तिले जीपमंदी बसू द्या. काजल येतवरी धीरजले उचलू देऊन नाई राह्यली तिची माय.”