बैलाचा शनिवार

शनिवारी सकाळी घाण्याची करकर ऐकून हसकेल नवगावकर ताडकन उठला. या घरात शनिवारी घाणा? सात पिढ्यांत झालं नव्हतं!

अंगणात बैल फिरत होता आणि त्याच्या पायांना हसकेलचा नि सुनेचा असे दोन सरकारी मनगटी पट्टे बांधलेले होते. शनिवारी कुणी स्वस्थ बसलं की पट्टा लगेच वर कळवायचा. बेने इस्राएल ज्यूंचा शनिवारचा विसावा आता गुन्हा होता ना! म्हणून दर शनिवारी ते पट्टे ठेंगण्या माडाच्या झावळीवर डुलायचे.

"मामंजी, वारा पडलाय," रिवका रडवेली झाली. "पट्टे थांबले तर धरून नेतील."

"म्हणून या मुक्याला राबवायचं? देवानं शनिवार बैलालाही दिलाय! मग ते सरकारवाले आणि आपण, फरक काय उरला?"

त्यानं जू उतरवलं, पट्टे सोडले. हालचाल थांबताच दोन्ही पट्टे इशाऱ्यानं लाल झाले.

"तुझं तू ठरव," म्हणत त्यानं आपला पट्टा मनगटावर चढवला आणि बैलाशेजारी फतकल मारली. "येऊ दे मेल्यांना. बसलेला माणूस कसा दिसतो, ते तरी बघतील."