सँटोरिनीचं मावंदं

देवकाबाईला पाटावर बसवून बायांनी तिच्यापुढे पितळी परात सरकवली, तेव्हा तिने पाय जरा मागे घेतले.

नाचणगावच्या त्या गल्लीत कोणी तीर्थाहून परतलं की मावंदं व्हायचं. यात्रा करून आलेल्या माणसाचे पाय धुवायचे, हळदकुंकू लावायचं, त्या पायांवर डोकं टेकायचं, म्हणजे न गेलेल्यालाही थोडं पुण्य मिळतं. देवकाबाई काही काशी-रामेश्वरला गेली नव्हती. जर्मनीत नोकरी करणाऱ्या लेकाकडे, धनंजयकडे, ती तीन महिने राहून आली होती, आणि त्यातले सहा दिवस तो तिला ग्रीस देशातल्या सँटोरिनी नावाच्या बेटावर घेऊन गेला होता. पण गल्लीने मोबाइलवर फोटो पाहिले होते. चारी बाजूंनी समुद्र, मधे कधीकाळी विस्तव ओकलेला डोंगर, पांढऱ्याशुभ्र भिंती, निळे घुमट. एवढं सगळं असून ते तीर्थ नाही म्हणजे काय? गल्लीतली सगळ्यांत म्हातारी जिजाबाई म्हणाली, मावंदं करायचं. तिच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती.

"तिथं चप्पल घालून फिरली का अनवाणी?" आनंदाबाईने विचारलं. ती शेजारीण. देवकाबाईची वांगी-भेंडी तीन महिने तिनेच सांभाळली होती, त्यामुळे पहिला प्रश्न विचारायचा हक्क तिचा.

"चप्पल घालून. रेती लय तापते. काळी रेती हाय तिथं."

"काळी काऊन?"

"डोंगर जळाला न, त्याची. एक लाल रेतीचाबी किनारा हाय."

सगळं खरं होतं. गावांची नावंसुद्धा तिला पाठ होती. सूर्य बुडताना पाहायला माणसं भिंतींवर चढून बसतात ते ओया, काळ्या वाळूचं पेरिसा. धनंजय रोज परतल्यावर फोटो दाखवत सांगायचा. तो आणि सून मोहिनी सकाळी निघायचे आणि अंधार पडल्यावर यायचे. नातू आठ महिन्यांचा, त्याला ऊन सोसायचं नाही. देवकाबाईला पायऱ्या सोसणार नाहीत, हे धनंजयने तिच्या वतीने ठरवून टाकलं होतं. "आई, तिथं तीनशे पायऱ्या हायेत. तू आराम कर," असं तो इतक्या मायेने म्हणायचा की उलट बोलायला जागाच उरायची नाही. उभा जन्म डोक्यावर टोपलं घेऊन पुलगावचा बाजार गाठलेली बाई सहा दिवस खोलीत आराम करत होती.

शेवटच्या दिवशी त्याने तिला हॉटेलच्या भिंतीपाशी उभं करून फोटो काढला. मागे लांबवर समुद्र. तेवढ्यापुरतं बाळ मोहिनीने घेतलं. तोच फोटो आता गल्लीतल्या प्रत्येक मोबाइलमध्ये होता.

"तिथं द्राक्षाचा वेल मांडवावर नाई चढवत," देवकाबाई आपणहून म्हणाली. "वारा लय. मंग वेल जमिनीवरच गोल गोल गुंडाळते, टोपल्यावानी. द्राक्षं टोपल्याच्या आत. पाणीबी देत नाई, नुसतं दवावर पिकते."

बोलता बोलता तिचा आवाज मोकळा झाला. खोलीच्या गॅलरीतून तेवढं एक वावर दिसायचं. रोज सकाळी एक म्हातारा यायचा, वाकून वेलींशी काहीबाही करायचा आणि जायचा. खाली उतरून ती राखेसारखी माती एकदा मुठीत घ्यावी, असं तिला सहाही दिवस वाटलं. बाळ कडेवर झोपलेलं असायचं.

"वावराचं राहू दे वं," आनंदाबाई म्हणाली. "वावर तं इथंबी हाय. समुद्राचं सांग. पाण्यात गेलती का?"

देवकाबाईने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिचं तिलाच कळलं नाही. बायांनी हो धरलं. भरल्या घरात तिला फार एकटं वाटलं. इतकं एकटं तिला त्या खोलीतही वाटलं नव्हतं, तिथे निदान नातू होता.

पायांवर कोमट पाणी पडलं. कुंकू लागलं. खरं बोलावं तर लेकाची अब्रू गल्लीच्या तोंडी जाणार. आईला फिरवायला नेलं की पोर सांभाळायला, अशी कुजबुज उद्या नळावर सुरू होणार. न बोलावं तर या भोळ्या बाया डोकं टेकणार, तेही कसल्या पायांवर! तोंडाने काहीही सांगता येतं. पायांना कसं खोटं बोलायला लावायचं?

पहिला मान जिजाबाईचा. ऐंशी ओलांडलेली ती बाई भिंतीला धरून वाकली, तसे देवकाबाईने पाय झटकन साडीखाली ओढून घेतले. परातीतलं पाणी सांडलं.

"नको, मावशी," ती तिच्या कानाशी पुटपुटली. "हे पाय कुठंच गेले नाई. मी खोलीतच होती. सहाही दिवस. पोराले घिऊन."

जिजाबाई वाकलेलीच राहिली. बायांना वाटलं, म्हातारीची कंबर धरली. आनंदाबाई सावरायला पुढे झाली, तर जिजाबाईने हातानेच तिला मागे थांबवलं.

"काशीले गेलतो तवा मी धर्मशाळेत होती," ती फक्त देवकाबाईला ऐकू जाईल इतकं हळू म्हणाली. "सामानापाशी. चारी दिवस. बाकीचे गंगेवर जाऊन आले. मंग इथं गावजेवण झालं, सारं गाव माह्या पाया पडलं. चाळीस वर्षं झाले, कोणाले नाई सांगतलं."

तिने साडीखाली हात घालून देवकाबाईचा एक पाय हलकेच परातीकडे ओढला.

"घे बाहेर. बाया खोळंबल्या."