पिवळ्या छत्र्यांचा क्लब

"तिथे नको." इग्नसने फाट्यावर गाडीचा वेगसुद्धा कमी केला नाही. "तिथले मासे शिळे असतात."

"तू कधी खाल्लेस रे?" मागच्या सीटवरून त्याच्या बहिणीने, व्हेल्डाने विचारलं.

"खायला कशाला हवेत? गावभर बोंब आहे."

कसली बोंब नि काय! पिवळ्या छत्र्यांच्या त्या क्लबचं जेवण अख्ख्या सेंट लुशियात नावाजलेलं होतं. व्हेल्डाने लंडनहून निघण्याआधीच फोनवर त्याचे फोटो हेरून ठेवले होते. चौदा वर्षांनी ती बेटावर आली होती, दहा वर्षांच्या ओडेसाला पहिल्यांदाच घेऊन. लेकीला एक दिवस चांगल्या बीच क्लबमध्ये मनसोक्त डुंबू द्यायचं, एवढीच तिची हौस. पण भाऊ सकाळपासून तिला भलतीकडेच फिरवत होता.

पहिल्या क्लबात गाण्यांचा इतका दणदणाट की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. दुसऱ्यात किनाऱ्यावर गुडघाभर शेवाळ येऊन कुजलं होतं. तिसऱ्यात समुद्र बरा होता, पण खुर्च्या मोडक्या निघाल्या.

"पिवळ्या छत्र्यांतच एवढ्या खोडी काढतोस," व्हेल्डा म्हणाली, "तशाच बायको शोधताना काढल्यास तर बिनलग्नाचाच राहशील."

"पण मामा बिनलग्नाचाच आहे ना?" ओडेसाने विचारलं.

दोघी खो खो हसल्या. इग्नसही हसला, पण गाडीचा वेग त्याने आणखी वाढवला. पिवळ्या छत्र्या उभ्या होत्या त्या जमिनीवर या दोघा बहीणभावंडांचा जन्म झाला होता.

आमच्या बेटावर अशी वडिलोपार्जित जमीन कोणा एकाची नसते. त्या घरात जन्मलेल्या प्रत्येकाची असते, सातासमुद्रापार गेलेल्याचीसुद्धा. तिच्यावर रताळी लावावीत, खोपटं बांधावं, म्हातारपणी परत येऊन टेकावं. विकायची मात्र नाही. व्हेल्डाने कर भरण्यापुरती सही भावाकडे देऊन ठेवली होती आणि फोनवर म्हटलं होतं, "तू बघून घे रे." इग्नसने पाच वर्षांपूर्वी त्याच सहीवर बघून घेतलं. ज्या गाडीत ती आज ऐसपैस बसली होती, ती त्यातूनच आली होती. क्लबवाल्यांनी टेकाड सपाट केलं, पांढरी वाळू ओतली, मागून नवा रस्ता काढला. फोटोत ओळखू येईल असं जमिनीवर काही त्यांनी ठेवलंच नव्हतं. आणि दर नाताळला ती फोनवर विचारायची, "जमीन कशी आहे?" तो म्हणायचा, "आहे तशी आहे."

तिसऱ्या क्लबाबाहेर, झाडाखाली गाडी लावून त्यांनी पाव आणि खारा मासा खाल्ला. खाऊन झाल्यावर व्हेल्डाने पर्समधून पत्र्याची एक छोटी डबी काढली.

"क्लब राहू दे," ती म्हणाली. "आधी जमिनीवर ने. हिची नाळ आणलीये."

इग्नसने पावाचा कागद चुरगळला.

"दहा वर्षं जपून ठेवलीये. नवरा म्हणतो, हे काय खूळ? म्हटलं, आमच्यात नाळ पुरून वर नारळ लावतात, मग पोर कुठेही गेलं तरी ते झाड त्याचं. माझ्या झाडाशेजारी हिचं लावू. तूच लाव. मामानेच लावावं."

"माझं झाड किती उंच होईल?" ओडेसाने मामाला विचारलं.

वादळाने रस्ता वाहून गेलाय, हे वाक्य इग्नसच्या ओठांवर तयार होतं. ती आल्यापासून दोन वेळा वापरलेलंही होतं. पण पोर तोंडाकडे बघत होती आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की ते वाक्य बाहेरच पडेना. त्याने गाडी वळवली.

पिवळ्या छत्र्या दिसताच व्हेल्डाने टाळी वाजवली. "हरलास शेवटी! पण इग्नस, आधी जमिनीवर म्हटलं होतं ना मी? क्लब नंतर."

तो खाली उतरला. दोघी मागोमाग आल्या. फाटकाशी एक पोरगी येणाऱ्यांच्या मनगटाला पट्टे बांधत होती. तिने व्हेल्डाच्या हातातली डबी पाहिली.

"बाहेरचं खाणं आत चालत नाही हं, आंटी. काय आहे त्यात?"

इग्नसला बहिणीकडे बघवेना. तो त्या पोरीलाच म्हणाला, "खाणं नाही, पोरी. ही जागा आमच्या आईची. आमच्या दोघांची. मी हिला न सांगता विकली."

पोरगी पट्टा हातात धरून तशीच उभी राहिली. व्हेल्डाने समोर पाहिलं. छत्र्यांच्या पलीकडे, समुद्रात, लहानपणी ज्यावरून दोघं उड्या मारायची तो जोडखडक होता.

"माझं झाड?" तिने विचारलं.

इग्नसने पार्किंगकडे पाहिलं. तिथे ओळीने गाड्या उभ्या होत्या.

"व्हेल्डा, मला शिव्या घाल. मार हवं तर."

तिने डबी पर्समध्ये ठेवली, चेन नीट लावली आणि ओडेसाचा हात धरला.

"लंडनला आमच्या मागच्या दाराशी हातभर माती आहे," ती म्हणाली. "भाड्याच्या घराची. तिथेच पुरते हिची नाळ. ती तरी तुला विकता यायची नाही."