नवऱ्याचं नाव

"नवऱ्याचं नाव काय?"

जानकीनं पदर तोंडाशी नेला आणि मान खाली घातली.

"झालं. फिरवलं तुला मागं," मुंजाजी म्हणाला. "हात खाली घे. पुन्यांदा. नवऱ्याचं नाव काय?"

पाटोद्याच्या सराईत सकाळपासनं हेच चाललं होतं. समुद्रापलीकडच्या टापूवर उसाच्या कामाला माणसं नेणाऱ्या मुकादमानं, राधाकिशननं, चाळीसेक जणांना तिथं आणून ठेवलं होतं. उद्या आधी हकीम बघणार, मग कचेरीतला साहेब एकेका जोडप्याला सवाल करणार. दोन्हींत निभावलं तर मुंबई, आगबोट आणि पाच वर्षांचा करार. एकट्या बाईला टापू बंद होता. लग्नाची असेल तरच नवऱ्यासोबत जायचं.

हकिमाची तयारी सोपी होती. मुंजाजीचा उजवा डोळा लाल झाला होता, तो दिवसातनं चारदा तुरटीच्या पाण्यानं धुवायचा. हाताचे घट्टे हकीम दाबून बघतो म्हणे. या दोघांचे घट्टे असे होते की दाबणाऱ्याचंच बोट दुखावं. घोडं अडलं होतं ते नावापाशी.

आठ वर्षांच्या संसारात जानकीनं त्याला 'अहो' म्हटलं होतं, 'ऐकलं का' म्हटलं होतं, एकदा रागाच्या भरात 'ओ शाणे' म्हटलं होतं. नाव घेतलं ते लग्नात, उखाण्यातनं, तेही बायांनी दार अडवलं म्हणून. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला आईनं सांगितलं होतं आणि आईला तिच्या आईनं.

राधाकिशन वैतागला होता. "साहेब लांबच्या मुलखातला हाय. त्याला आपले रिवाज काय ठावं? बाई गप बसली की तो म्हणतो, पळवून आणली. गेल्या खेपेला तीन चांगल्या बाया अशाच मागं धाडल्या. नाव ठणठणीत घ्यायचं, डोळ्याला डोळा भिडवून."

मागं जायला जानकीला जागाच नव्हती. मूल झालं नाही म्हणून सासूनं मुंजाजीसाठी पाली गावची मुलगी बघून ठेवली होती. अक्षयतृतीयेला लगीन. मुंजाजी घरात चकार शब्द बोलला नाही. लगीन ठरल्याच्या चौथ्या दिवशी पहाटे त्यानं घोंगडी गुंडाळली आणि म्हणाला, "चल, कुठंबी राहू, पण दोघंच." बायकोपायी घर सोडणारा माणूस जानकीनं तरी दुसरा पाहिला नव्हता. त्याच्यासाठी ती समुद्र ओलांडायला निघाली होती. आणि त्याचं नाव काही ओठांवर येईना. स्वतःच्या जिभेचा तिला असा राग येत होता की रडू फुटावं.

दुपारी ती आडावर पाणी शेंदायला गेली. केजकडनं कालच आलेली सत्यभामा तिथं घागर भरत होती.

"तुला येतं का गं तुझ्या ह्यांचं नाव घ्यायला?" जानकीनं विचारलं.

सत्यभामेनं नुसती नकाराची मान हलवली.

"लई जड जातं, न्हाई?"

"लई," सत्यभामा म्हणाली आणि घागर उचलून निघाली.

आडावर कुणी उरलं नाही तेव्हा जानकी वाकली आणि पाण्याकडं बघत हळूच म्हणाली, "मुंजाजी."

मग घागर तिथंच टाकून ती पळत सराईत आली. मुंजाजी भिंतीला टेकून घोरत होता. तिनं त्याच्या छातीवर हात ठेवून बघितलं. ठीक होता. ती परत आडावर गेली आणि दुसऱ्यांदा म्हणाली. दिवस कलला तोवर सात वेळा झालं होतं, आणि सातव्या वेळेला तिला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी हकिमानं दोघांनाही पुढं सोडलं. कचेरीच्या दारात कळलं की साहेबाला ताप भरलाय, सवाल मुनशी त्रिंबकराव करणार. युसूफ वडगाव म्हणून जवळच्याच गावचे. मुंजाजीचा जीव भांड्यात पडला.

"आपलाच माणूस हाय," तो म्हणाला. "आता कावून भ्यायचं?"

मुनशी आधी बाईला विचारायचे, म्हणजे नवऱ्याचं ऐकून तिनं बोलायला नको. गाव विचारलं. वय विचारलं. राजीखुशीनं चाललीस का, विचारलं. जानकीनं सगळं नीट सांगितलं.

"नवऱ्याचं नाव काय?"

जानकीनं मान वर केली, डोळ्याला डोळा भिडवला. "मुंजाजी रामकिसन."

मुनशींचा टाक थांबला. "परत सांग."

तिनं आणखी मोठ्यानं सांगितलं.

मुनशींनी टाक खाली ठेवला. "माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली. बायकोच्या तोंडून माझं नाव मी अजून ऐकलं न्हाई. आणि ही भर कचेरीत, परक्या माणसासमोर, दोनदा." ते मुंजाजीकडं वळले. "कुणाची बायको पळवलीस बे?"

"माझीच हाय जी. देवाशप्पत माझीच हाय."

"अहो, सांगा की ह्यांना," जानकी म्हणाली.

"आता 'अहो' आठवलं," मुनशी म्हणाले. त्यांनी कागदावर आडवी रेघ ओढली आणि शिपायाला सांगितलं, "दोघांना वेगवेगळं न्या. बाईला तिच्या गावी पाटलाच्या ताब्यात द्या."

तिला बाहेर नेलं तेव्हा जानकी मुंजाजीला नावानंच हाका मारत होती.

पुढची पाळी सत्यभामेची होती. तिच्यामागं तिचा नवरा म्हणून धुळाजी उभा राहिला.

"नवऱ्याचं नाव काय?"

सत्यभामेनं पदर तोंडाशी नेला आणि मान खाली घातली. मुनशींनी पुन्हा विचारलं. ती आणखी आक्रसली, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागली. मुनशींचा चेहरा निवळला.

"राहू दे बाई, राहू दे," ते म्हणाले. "हिला म्हणतात लग्नाची बायको."

त्यांनी कागदावर शिक्का मारला.

सकाळी हकिमाच्या रांगेत मुकादमानं ज्या माणसाशेजारी तिला उभं केलं होतं, त्याचं नाव सत्यभामेला कुणी सांगितलंच नव्हतं.