मानेवरचा लाल पट्टा

"हा लाल दिव्यांचा पट्टा किती दिवस लावताय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पाच महिने होतील," थोरला म्हणाला. "रोज दुपारी वीस मिनिटं."

"आणि ही गाठ कधीपासून आहे?"

थोरल्याने मानेच्या डाव्या बाजूला हात नेला. मागच्या आठवड्यात सदऱ्याची कॉलर तिथे घासायला लागली, तेव्हा त्याला ती पहिल्यांदा जाणवली होती. तीस वर्षं त्याने लोकांच्या माना वळवल्या, वाकवल्या, वस्तऱ्याने साफ केल्या. स्वतःच्या मानेकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.

"आठवडा झाला असेल," तो म्हणाला. शेजारी बसलेला धाकटा भाऊ फरशीकडे बघत होता.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट मिटला. गाठ साधी नाही, पसरली आहे, हे त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं. चार-पाच महिने आधी आला असतात तर कापून काढता आली असती. आता औषधं देऊ, त्रास जितका कमी ठेवता येईल तितका ठेवू. त्यांनी कागदावर पुढची तारीख लिहिली. थोरल्याने कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली. दोघे भाऊ बाहेर येऊन बाकावर बसले.

केस कापायचं दुकान दोघांचं होतं. दोन खुर्च्या, एक लांब आरसा. थोरल्याची मान तीन वर्षं दुखत होती. या धंद्यात कोणाची दुखत नाही, असं म्हणून तो उडवून लावायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की धाकटा त्याला आरशासमोर बसवून मान चोळून द्यायचा. धाकट्याच्या हाताला गुण होता. लोक केस थोरल्याकडून कापून घेत आणि डोकं चोळून घ्यायला उठून धाकट्याच्या खुर्चीत जात.

मग एका दुपारी धाकटा खोकं घेऊन आला. आत तो पट्टा होता. मानेभोवती गुंडाळायचा, बटण दाबायचं, की पन्नासेक बारीक लाल दिवे लागत.

"आता चोळाचोळी बंद, दादा," तो म्हणाला. "हा उजेड आतपर्यंत जातो. जुनं दुखणंही ओढून काढतो म्हणे."

गिऱ्हाइकांना आयती करमणूक झाली. मास्तर, भट्टी पेटली का, असं विचारत लोक आत यायचे. थोरलाही हसायचा. पहिल्या दिवशी ती ऊब त्याला खरंच बरी वाटली. पट्टा काढला आणि अर्ध्या तासात कळ पुन्हा जागच्या जागी येऊन बसली. पण धाकटा समोर हात पुसत उभा होता. "फरक वाटतोय ना?" त्याने विचारलं. त्याचा चेहरा बघून थोरल्याच्या तोंडून 'नाही' निघेना.

"बराच वाटतोय," तो म्हणाला.

धाकट्याने असा श्वास सोडला, की जणू मान त्याचीच दुखत होती. एकदा हो म्हटल्यावर मागे फिरायला वाट उरली नाही. रोज दुपारी पट्टा, रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. उद्या सांगू, असं थोरला रोज ठरवायचा. कळ खांद्यात उतरली. मग दंडात. कात्री धरलेल्या हातातली ताकद जायला लागली, तेव्हा त्याने दाढीची गिऱ्हाइकं हळूच धाकट्याकडे सरकवली. वय झालं, म्हणाला.

एका जुन्या गिऱ्हाइकाने एकदा हटकलं, "मास्तर, दवाखान्यात दाखवून तरी या."

थोरल्याने तोंड उघडायच्या आत धाकटा बोलला, "फरक पडतोय की त्याला. कशाला उगाच?"

थोरल्याला ते बरंच वाटलं. त्यांचे वडील दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत गेले होते, आणि महिन्याभराने दोघा मुलांनी त्यांना उचलून घरी आणलं होतं. दवाखाना हा शब्द त्या घरात तेव्हापासून फारसा उच्चारला जात नसे.

आता बाकावर बसलेल्या धाकट्याचे खांदे हलायला लागले.

"माझ्यामुळे झालं, दादा. मी तो पट्टा आणला नसता तर तू कधीच इथे आला असतास."

थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं. पन्नाशीला आलेला माणूस, पण रडताना लहानपणीसारखाच खालचा ओठ आत ओढायचा. आपलं जे व्हायचं ते आता होणार. पण याच्या मानगुटीवर हे ओझं आयुष्यभर ठेवून जायचं नाही, एवढंच थोरल्याला कळलं. पाच महिने जे बोलायला जीभ रेटली नाही, ते तो सरळ बोलून गेला.

"ऐक. तो पट्टा मला लागूच पडला नाही. एक दिवस नाही. उजेडाने दुखणं झाकलं आणि घात झाला, असं मनात आणू नकोस. दुखत होतं, आणि मी तुझ्याशी खोटं बोललो. तू इतक्या मायेने आणलास, म्हणून बोललो. यात तुझी काही चूक नाही."

आता तरी हा शांत होईल, असं त्याला वाटलं. धाकट्याचं रडणं थांबलंही. त्याने डोळे पुसले नाहीत. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून तो आपल्या बोटांकडे बघत राहिला. 

"दादा," तो शेवटी म्हणाला, "पट्टा आणायच्या आदल्या दिवशी तुझी मान चोळताना ती गाठ मला लागली होती."