मागच्या बाकावरचे मास्तर

“सर, आज तुम्ही मागच्या बाकावर बसा,” क्लासच्या मालकीणबाई म्हणाल्या. “विद्यार्थी म्हणून.”

मास्तरांना वाटलं, आपल्या ऐकण्यातच काही चूक झाली. या परक्या शहरात आल्यापासून रोज संध्याकाळी याच खोलीत, याच फळ्यासमोर उभे राहून ते इंग्रजी शिकवत होते. पण बाईंनी त्यांच्या हातातला खडू काढून घेतला होता आणि दारात उभ्या असलेल्या गोऱ्या तरुणाला दिलाही होता.

हा गोरा कालपरवापर्यंत कोपऱ्यावरच्या हॉटेलात बशा उचलत होता. त्याच्या देशात इंग्रजी कोणी बोलत नाही, आणि त्यालाही ते बेताचंच यायचं. पण केस पिवळे, डोळे निळे, उंची दाराच्या चौकटीएवढी. आज एका कंपनीचे दोन साहेब क्लास बघायला यायचे होते. पसंत पडला तर कंपनीची सगळी माणसं इथे शिकायला येणार होती. इंग्रजीचा मास्तर दिसायला कसा असतो, याबद्दल साहेबलोकांच्या कल्पना पक्क्या असतात.

“त्यापेक्षा मी बाहेर थांबतो ना,” मास्तर म्हणाले.

“बाहेर दिसलात तर विचारतील, हे कोण? आत बसा, वर्गही भरलेला दिसेल.” मग बाईंनी आवाज खाली आणला. “आणि तुम्हाला काही विचारलंच, तर फार छान बोलू नका. नुकतेच शिकायला लागलाय असं बोला. उद्या तुमच्या करारावर सही करायचीय मला.”

सही झाली नाही तर महिनाअखेर गाशा गुंडाळायचा, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. मास्तरांना सकाळचा आईचा फोन आठवला. माझा मुलगा परदेशातल्या लोकांना इंग्रजी शिकवतो, हे ती अख्ख्या गल्लीला ऐकवून झाली होती आणि आता पुन्हा पहिल्यापासून ऐकवत होती.

मास्तर मुकाट्याने मागे जाऊन बसले. गुडघे पुढच्या फळीला टेकले. रडू येईल की काय, अशी त्यांना भीती वाटली.

एकेक करून माणसं आली. ही सगळी दिवसभर राबून शिकायला येणारी मोठी माणसं. आज पाहुणे सर शिकवणार, एवढंच बाईंनी त्यांना सांगितलं होतं.

“सर, तुम्ही इथे?” शेजारी बसलेली सलूनवाली कुजबुजली.

“मागे नीट ऐकू येतं का, ते बघतोय,” मास्तर म्हणाले. तिला ते पटलं. मास्तर सांगतील ते तिला नेहमीच पटायचं.

साहेब आले आणि भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसले. गोऱ्याने धडा सुरू केला. गोरा आज एखादा धडा घेईल, एवढंच सांगून बाईंनी दुपारभर मास्तरांनाच तो त्याच्याकडून घोटून घ्यायला लावलं होतं. कुणाला भाऊ किती, कुणाला बहिणी किती, असा तो धडा. पहिला प्रश्न टॅक्सीवाल्याला आला.

“आय हॅव टू ब्रदर्स,” टॅक्सीवाला म्हणाला आणि सवयीने मागे वळला. हॅव म्हणायचं, हॅविंग नाही, यापायी मास्तरांनी त्याच्याशी वर्षभर डोकेफोड केली होती. मास्तरांची मान आपोआप डोलली.

पुढच्या प्रश्नाशी गोरा अडला. पाठ केलेलं सगळं पार पुसून गेलं. खडू बोटांत फिरवत तो वर्गभर बघत राहिला, आणि त्याची नजर ओळखीच्या एकाच चेहऱ्यावर जाऊन थांबली.

“यू,” तो म्हणाला. “युवर फॅमिली?”

मास्तर उठले. बाई त्यांच्याकडेच बघत होत्या. आता चूक करायची होती आणि काही केल्या चूक सुचेना. शेवटी जी आली, ती थेट लहानपणातून आली. मामाने हातावर पट्ट्या मारमारून ती त्यांच्या तोंडातून घालवली होती.

“आय ॲम हॅविंग वन मदर.”

मास्तर उभं राहून जे म्हणतील ते मागोमाग म्हणायचं, ही वर्गाची रोजची पद्धत. सलूनवालीने सुरुवात केली आणि बाकीच्यांनी सूर मिळवला. आय ॲम हॅविंग वन मदर. सगळे एका आवाजात, अगदी मन लावून म्हणाले.

“व्हेरी गुड,” गोरा म्हणाला. त्याच्या जिवात जीव आला होता.

“एकजूट चांगली आहे तुमच्या वर्गाची,” एक साहेब बाईंना म्हणाला. बाई हसल्या.

तेवढ्यात टॅक्सीवाला उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

“सॉरी सर, मघाशी चुकलो,” तो म्हणाला. “आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.”

आणि गोऱ्याकडे न बघता तो मागे वळून मास्तरांकडे बघत उभा राहिला.

मास्तरांनी एकदा बाईंकडे पाहिलं. मग त्याच्याकडे बघून मान डोलावली.